एडका, बोकड आणि असईचा हत्ती

बाबांना लष्करी बिल्ल्यांचा नाद फार जुना आहे. लहानपण पुण्यात कॅम्पात गेलं, पुढे नोकरी खडकीला, आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात चादरीवर मांडलेल्या भंगारातून पितळी बिल्ले शोधत बसायचं. गोऱ्या पलटणी गेल्या पण त्यांचे टोपीवरचे बिल्ले, बटणं, बकलं इथेच राहिली, त्यामुळे बाबांच्या डब्यात वाघ आहे, हत्ती आहे, काळवीट आहे. माझी आतेबहीण लेस्टरला राहते, ती कधीची या या म्हणत होती, शेवटी या जुलैत जायचं ठरलं तेव्हा बाबा म्हणाले की मला लंडनचा पाळणा वगैरे काही बघायचा नाही, मला हे प्राणी ज्या पलटणींचे आहेत त्यांच्या गावांना जायचंय. मग सगळा प्लॅन त्याच हिशेबाने केला. व्हिसा, विमान सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहीत नाही.

बुधवार, लंडन

बकिंगहॅम पॅलेसच्या जवळच वेलिंग्टन बॅरॅक्स आहेत, तिथे गार्ड्स म्युझियम आहे. लहान आहे, पण आम्ही रमलो. इथे जेकब भेटतो. जेकब हा एक गूज, म्हणजे हंस-बदकांच्या जातीचा मोठा पक्षी. १८३८ च्या सुमारास कॅनडात बंडाळी चालू होती तेव्हा कोल्डस्ट्रीम गार्ड्सची तुकडी क्वेबेकला होती, तिथल्या पहाऱ्यावरच्या शिपायाने ह्याला कोल्ह्याच्या तोंडून वाचवलं, तेव्हापासून हा त्याच्यासोबत पहाऱ्यावर चालायला लागला आणि एका रात्री शिपायावर हल्ला झाला तेव्हा ह्यानेच पंख मारून मारून त्याला वाचवलं अशी गोष्ट सांगतात. पलटणीने त्याला लंडनला आणलं, तिथेही तो पहाऱ्यावर उभा राहायचा, शेवटी गाडीखाली गेला. त्याचं डोकं आणि मान जपून ठेवलीये, गळ्यातल्या पट्ट्यासकट. बाबा त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते.

आयरिश गार्ड्सचा मॅस्कॉट, म्हणजे पलटणीचा मानाचा प्राणी, हा आयरिश वुल्फहाउंड, प्रचंड उंच कुत्रा. पहिला १९०२ मध्ये आला, त्याचं नाव ब्रायन बोरू. सेंट पॅट्रिक्स डेला, म्हणजे १७ मार्चला, जवानांसारखीच त्यालाही शॅमरॉकची जुडी लावतात. मार्चमध्ये जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, आम्हाला नुसते फोटो मिळाले.

दुपारी चेल्सीला नॅशनल आर्मी म्युझियम. तिथल्या संग्रहात क्रिमियन टॉम नावाचं मांजर आहे, १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोल पडलं तेव्हा ब्रिटिशांना सापडलेलं, भुसा भरून ठेवलेलं. आणि नेपोलियनच्या मॅरेंगो घोड्याचा सांगाडा. शेजारीच रॉयल हॉस्पिटल चेल्सी, निवृत्त सैनिकांचा आश्रम. तिथले एक आजोबा निळ्या कोटात बाहेर बाकावर बसले होते, बाबांनी खिशातून वाघाचा बिल्ला काढून दाखवला तर त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि लगेच म्हणाले, हा लेस्टरवाल्यांचा. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

टिप: आर्मी म्युझियमला तिकीट नाही, गार्ड्स म्युझियमला आहे. दोन्हींच्या वेळा आदल्या दिवशी वेबसाइटवर बघूनच निघा, समारंभ असला की रस्ते बंद असतात.

शुक्रवार, लेस्टर

ताईकडे आल्याबरोबर पिठलं, भात आणि मिरचीचा ठेचा. जुलै असून बाहेर स्वेटर लागेल इतका गारवा, त्यामुळे ते पिठलं जरा जास्तच लागलं. ताईचा मुलगा अकरा वर्षांचा, इथेच जन्मलेला, मराठी छान बोलतो पण मध्येमध्ये इंग्लिश येतंच. त्यालाही शाळेला सुट्टी टाकून सोबत घेतलं, भावोजींनी जरा कुरकुर केली पण मग तेही आले.

न्यूआर्क हाउसेस म्युझियममध्ये रॉयल लेस्टरशर रेजिमेंटची दालनं आहेत. ही जुनी १७ वी पायदळ पलटण. १८०४ ते १८२३ एवढी वर्षं ती हिंदुस्तानात होती आणि त्याबद्दल १८२५ मध्ये तिला बिल्ल्यावर वाघ आणि त्यावर हिंदुस्तान ही अक्षरं लावायचा मान मिळाला. म्हणून ह्यांना टायगर्स म्हणायचे, आणि लेस्टरच्या रग्बी क्लबचं नावही टायगर्स, गावातले लोक ते नाव ह्या पलटणीशीच जोडतात. भाच्याला रग्बीचे टायगर्स माहीत होते, वाघ कुठून आला ते माहीत नव्हतं. बाबांनी त्याला सांगितलं की ही पलटण त्या वर्षांत बुंदेलखंडात होती, नेपाळच्या लढाईत होती आणि १८१७ च्या डिसेंबरात जबलपूरजवळ नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशीही लढली. म्हणजे लेस्टरच्या वाघात थोडं नागपूरही आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे ब्रिटिश म्युझियम म्हटलं की सगळ्यांना कोहिनूरच आठवतो, पण आपला खरा इतिहास ह्या लहान लहान गावांतल्या काचेच्या कपाटांत पडलाय, आणि तो ओळखायला आपल्याकडची बाजू माहीत असलेलं कोणीतरी तिथे जायला हवं.

वाघ एकट्या लेस्टरचा नाही बरं का. हॅम्पशर रेजिमेंटलाही वाघ आहे, १८२६ मध्ये मिळालेला, ती जुनी ६७ वी पलटण, १८१९ मध्ये असीरगडाच्या वेढ्यात होती. यॉर्क अँड लँकेस्टरलाही वाघ. बाबांच्या डब्यात हे तिन्ही आहेत, शेपटी आणि तोंडाची दिशा बघून ते लांबूनच ओळखतात.

संध्याकाळी बेलग्रेव्ह रोड. फाफडा, जिलबी, साड्यांची दुकानं, सगळं गुजराती. ताई म्हणाली अगं दिवाळीत ये, हा रस्ता ओळखू येत नाही.

शनिवार, डर्बी

लेस्टरहून डर्बी ट्रेनने फार लांब नाही, पण आमची ट्रेन ऐनवेळी कॅन्सल झाली आणि पुढचीत उभ्याने जावं लागलं. बाबांना कोणीतरी जागा दिली.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. डर्बी म्युझियममध्ये सोल्जर्स स्टोरी नावाचं दालन आहे, तिथे डर्बीशरच्या पलटणींचा इतिहास आहे, आणि त्यात प्रायव्हेट डर्बी नावाच्या एडक्याचा मान फार मोठा. गोष्ट अशी. १८५८ चा मार्च महिना, राजस्थानातलं कोटा. तिथे लाला जयदयाल आणि मेहराब खान यांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला होता आणि शहर बंडवाल्यांच्या ताब्यात होतं. ब्रिटिशांनी वेढा घालून महिनाअखेरीस शहर घेतलं. त्यात ९५ वी डर्बीशर पलटण होती. शहरात एका देवळाच्या आवारात एक दणकट एडका बांधलेला कमांडिंग ऑफिसरला दिसला आणि त्याने प्रायव्हेट सुलिव्हन नावाच्या शिपायाला सांगितलं, तो सोडून आण. एडका टकरीचा होता. पलटणीत आल्यावरही त्याच्या टकरी लावायचे, आणि तेहतीस टकरींत तो एकदाही हरला नाही असं पलटणीत सांगतात. त्याचं नाव ठेवलं डर्बी.

मग हा एडका पलटणीबरोबर मध्य भारतात चालत राहिला, जवळपास तीन हजार मैल. आणि १८६२ मध्ये पलटणीची परेड झाली, मुंबई इलाख्याच्या फौजेचे सरसेनापती सर विल्यम मॅन्सफील्ड यांनी जवानांना १८५७-५८ च्या मोहिमेची पदकं दिली, तेव्हा रांगेत ह्या एडक्यालाही पदक मिळालं. ही परेड कुठे झाली माहितीये? पुण्यात!

बाबांना हे वाचून माहीत होतं, तरी तिथे उभं राहून मला सांगताना त्यांचा आवाज चढला. आपण ज्या कॅम्पातून रोज स्कूटरवरून जातो त्या गावात कोट्याच्या देवळातल्या एडक्याच्या गळ्यात पदक घातलं गेलं, आणि ते डर्बीत प्रत्येक शाळकरी पोराला माहीत असावं आणि पुण्यात कोणालाच नसावं. पुढच्याच वर्षी, १८६३ मध्ये, हैदराबादेत तो एडका विहिरीत उडी मारून बुडाला.

तेवढ्यात भाच्याने विचारलं, "मामी, पण ते मेडल ॲक्च्युअली कोणाच्या अगेन्स्ट होतं?" मला तो मामी म्हणतो, ताईने लहानपणी शिकवलं तेच पक्कं झालंय. मग तिथेच बाकावर बसून त्याला सांगितलं. ९५ वी पलटण कोट्यानंतर ब्रिगेडियर स्मिथच्या ब्रिगेडमध्ये ग्वाल्हेरकडे गेली. १७ जून १८५८ ला ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय इथे लढाई झाली, आणि त्या लढाईत झाशीची राणी पडली. समोर हीच ब्रिगेड होती, ८ व्या हुजार घोडदळासकट. राणी म्हणजे मोरोपंत तांब्यांची मनू, घरात मराठी बोलणारी मुलगी. पोरगा गप्प ऐकत होता. मग त्याने परत जाऊन तो सगळा फलक नीट वाचला आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. बाबा म्हणाले, वा, म्हणजे आजचं तिकीट वसूल. तिकीट नव्हतंच, म्युझियम फुकट आहे.

इथे जोसेफ राइटची चित्रं पण जरूर बघा, मेणबत्तीच्या उजेडातले चेहरे काय काढलेत त्या माणसाने. आणि गावात फिरताना एडक्याचं दगडी शिल्प दिसतं, पोरं त्याच्यावर चढून बसलेली असतात. फुटबॉल क्लबचं टोपणनावही रॅम्स. अख्खं गाव एडक्याच्या प्रेमात आहे. तशी डर्बीच्या एडक्याची लोककथा ह्या पलटणीच्याही आधीची आहे, त्यामुळेच बहुतेक ऑफिसरला त्या आवारात तो एडका बघून घरची आठवण झाली असेल.

रविवार, क्रिच

जुलैचा पहिला रविवार मुद्दाम धरला होता. डर्बीच्या उत्तरेला क्रिच नावाचं गाव आहे, तिथे टेकडीच्या टोकावर शेरवुड फॉरेस्टर्स पलटणीचा स्मारक मनोरा आहे, दिसायला थेट दीपस्तंभ. ९५ वी पलटण १८८१ मध्ये ह्याच फॉरेस्टर्समध्ये विलीन झाली. मनोऱ्याचं उद्घाटन १९२३ मध्ये झालं, पहिल्या महायुद्धात ह्या एका रेजिमेंटचे अकरा हजारांच्या वर जवान गेले त्यांच्यासाठी. जुलैच्या पहिल्या रविवारी तिथे दरवर्षी जुने सैनिक आणि घरची मंडळी जमतात.

ताईने गाडी काढली म्हणून जमलं, रविवारी तिकडे बस फार कमी. वर पोचलो तर वारा असा की बाबांची टोपी उडाली आणि एका पदकं लावलेल्या आजोबांनी ती पायाने अडवून दिली. छत्री उघडायची सोय नाही, पाऊस आडवा येतो. रेनकोट न्या, डोक्याला बांधायला काहीतरी न्या.

आणि तो आला. दोन जवान, दोन्ही बाजूंनी एकेक दोर धरलेला, मध्ये एडका. हा स्वेलडेल जातीचा, काळं तोंड, नाकाजवळ पांढरट, शिंगं दोन वेढे घेऊन वळलेली. १९१२ पासून चॅट्सवर्थच्या कळपातून ड्यूक ऑफ डेव्हनशर पलटणीला एडका देतात, ही परंपरा अजून चालू आहे. आता सगळ्या जुन्या पलटणी मिळून मर्शियन रेजिमेंट झालीये आणि एडका तिचा. अंगावर लाल झूल, हिरवी सोनेरी किनार, कपाळावर चांदीची पट्टी आणि शिंगांच्या टोकांना चांदीच्या शेंब्या. मला थेट आमच्या गावचा पोळा आठवला.

समारंभ आटोपल्यावर जवळ जाऊ दिलं. अगदी हातभर अंतरावर. ओल्या लोकरीचा वास येत होता, तो पुढचा एक पाय सारखा आपटत होता आणि श्वास सोडला की वाफ दिसत होती. झुलीच्या डाव्या बाजूला पदक शिवलेलं होतं, रिबिनीवर पांढरे लाल पट्टे, आणि वरच्या पट्टीवर लिहिलेलं, सेंट्रल इंडिया. हे त्या पहिल्या एडक्याचं पदक, प्रतिकृती असेल, पण तेच. एडके बदलत गेले, पदक तसंच पुढे आलं.

एडका सांभाळणाऱ्याला रॅम मेजर म्हणतात. आमच्या वेळचा रॅम मेजर म्हणजे पंचविशीचा पोरगा, नाकावर उन्हाने भाजल्याच्या खुणा. बाबांनी त्याला सांगितलं की आम्ही पूनाहून आलोय. तो लगेच म्हणाला, पूना? तिथेच तर ह्याच्या पहिल्याला मेडल मिळालं! आणि दुसऱ्या जवानाला हाक मारून म्हणतो, अरे हे बघ, हे पूनाचे लोक. बाबांना काय बोलावं सुचेना, त्यांनी त्या पोराचा हात दोन्ही हातांत धरला. मग त्या पोराने बऱ्याच गोष्टी सांगितल्या. अधिकृत मॅस्कॉट आणि पलटणीने पाळलेला प्राणी यात फरक आहे, अधिकृत असेल तरच त्याला नंबर, हुद्दा आणि सरकारी रेशन मिळतं, नाहीतर सगळा खर्च जवानांच्या खिशातून. एडका नवीन आला की महिनोन्महिने बँडच्या आवाजाची सवय करावी लागते, ढोलाजवळ उभा करून खायला द्यायचं. दोर दोन का, तर तो मुसंडी मारतो तेव्हा एका माणसाला आवरत नाही. बाबांनी विचारलं, तू शेतकरी घरातला का? नाही म्हणे, नॉटिंगहॅम शहरातला, सैन्यात यायच्या आधी मेंढीला कधी हातही लावला नव्हता.

भाच्याने एडक्याच्या कपाळाला हात लावला आणि हळूच म्हणाला, "तुझा आजोबा कोट्याचा." बाकी कोणाला कळलं नाही, आम्हाला कळलं.

खाली गावात चहा आणि बेकवेल टार्ट, बदामाचं सारण आणि खाली जॅमचा थर. बाबा शाकाहारी, पण केकातलं अंडं त्यांना चालतं, दोन खाल्ले.

मंगळवार, लँडिडनो

वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे गाव. समुद्र, लांबच लांब प्रोमनेड, आणि शेजारी ग्रेट ऑर्म नावाचा डोंगर थेट समुद्रात घुसलेला. वर जायला १९०२ पासूनची केबलने ओढली जाणारी ट्राम आहे, त्यात लाकडी बाकं, खिडकीला काचा नाहीत, वारा तोंडावर.

या डोंगरावर मोकाट बोकड शेळ्या फिरतात, पांढऱ्या, लांब केसांच्या, शिंगं मागे तलवारीसारखी. ह्या काश्मिरी शेळ्या! शालीच्या लोकरीसाठी काश्मिरी शेळ्या युरोपात नेल्या, तिथून विंडसरच्या शाही कळपात, आणि तिथून एकोणिसाव्या शतकात इथे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रस्ते रिकामे झाल्यावर गावात उतरून लोकांच्या कुंपणांवरची झाडं खाणाऱ्या शेळ्यांचे व्हिडिओ आपल्याकडेही फिरले होते, त्या ह्याच.

वेल्श पलटणींचा मॅस्कॉट बोकड आहे. परंपरा अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धापासूनची, १७७५ च्या बंकर हिलच्या लढाईपासून सांगतात, आणि १८४४ मध्ये व्हिक्टोरिया राणीने शाही कळपातला बोकड रॉयल वेल्श फ्युझिलियर्सला दिला तेव्हापासून राजघराण्याकडून बोकड मिळतो. अलीकडचे बोकड ह्याच ग्रेट ऑर्मवरून निवडलेत. त्यांच्या आधीचा प्रसिद्ध बोकड बिली, पूर्ण नाव विल्यम विंडसर, हुद्दा लान्स कॉर्पोरल. १६ जून २००६ ला सायप्रसमध्ये एलिझाबेथ राणीच्या वाढदिवसाच्या परेडमध्ये तो रांगेत राहीना, ढोलवाल्याला मागून टकरा मारायला लागला, समोर परदेशी राजदूत बसलेले. त्याच्यावर रीतसर आरोप ठेवले, हुकूम मोडला, शिस्त मोडली, आणि त्याचा हुद्दा काढून घेतला. तीन महिन्यांनी अल्मा डेच्या, म्हणजे अल्माच्या लढाईच्या स्मरणदिनाच्या, परेडमध्ये नीट वागला म्हणून हुद्दा परत मिळाला. २००९ मध्ये निवृत्त होऊन व्हिप्सनेड झूमध्ये गेला. बाबांना हे मनापासून पटलं. त्यांचं म्हणणं असं की प्राण्याला पलटणीतला एक माणूस मानायचं असेल तर शिक्षा आणि बढती दोन्ही द्यायलाच हवी.

ट्रामने वर गेल्या गेल्या शेळ्या दिसतीलच असं नाही. आम्हाला कड्याच्या बाजूला चालत गेल्यावर दिसल्या, खाली समुद्र आणि उतारावर त्या बसून रवंथ करत होत्या. फार जवळ जाऊ नका. आणि प्रोमनेडवर चिप्स खाताना सीगलपासून सांभाळा, माझ्या हातातली पुडीच नेली.

बुधवार, कार्नार्वन

बसने बॅंगोरमार्गे कार्नार्वन, समुद्राकाठचा प्रचंड किल्ला, आणि त्याच्याच बुरुजात रॉयल वेल्श फ्युझिलियर्सचं म्युझियम. किल्ल्याच्या तिकिटातच ते येतं. जिने अरुंद आणि गोल, गुडघे दुखत असतील तर दमाने. बोकडाच्या कपाळावरच्या सोनेरी मुलाम्याच्या पट्ट्या बघायला मिळाल्या. १ मार्चला, सेंट डेव्हिड्स डेला, नव्या जवानांना कच्चा लीक खायला लावतात, म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीचा जाडजूड भाऊ, आणि बोकड त्या जेवणाच्या वेळी टेबलांभोवती फिरवतात. दुपारी बारा ब्रिथ खाल्ला, चहात भिजवलेल्या मनुकांचा पाव, लोणी लावून. वेल्समधलं मला सगळ्यात आवडलेलं खाणं.

शुक्रवार आणि शनिवार, एडिनबरा

शुक्रवारी संध्याकाळी पोचलो तर समुद्रावरून धुकं आलेलं, तिकडे त्याला हार म्हणतात, किल्ला दिसेचना. रात्री बाबांसाठी शाकाहारी हॅगिस, डाळी, ओट्स आणि मिरीचा, सोबत सलगमाचा लगदा आणि बटाटा. बाबांनी वर ताईने दिलेला ठेचा लावला आणि सगळं संपवलं.

शनिवारी सकाळी आकाश स्वच्छ. एडिनबरा कॅसलचं तिकीट आधी ऑनलाइन काढा, जुलैत दारावर मिळेल याचा भरवसा नाही. आत गेल्यावर सगळे राजमुकुटाकडे पळतात, आम्ही नॅशनल वॉर म्युझियमकडे, त्याच तिकिटात आहे आणि तिथे गर्दी कमी.

इथे हत्तीची नखं आहेत. ७८ वी हायलँडर्स पलटण सिलोनहून परत आली तेव्हा सोबत एक हत्ती घेऊन आली आणि १८३८ च्या सुमारास तो ह्याच किल्ल्यात राहत होता. परेडमध्ये बँडच्या पुढे चालायचा. त्याच्या माहुताला, प्रायव्हेट मॅकिंटॉशला, बिअर आवडायची आणि हत्तीलाही, संध्याकाळी तो कँटीनच्या खिडकीतून सोंड आत घालायचा म्हणे. आता त्याची फक्त नखं राहिलीत. राखाडी, जाड, कडेला भेगा पडलेली. उष्ण प्रदेशातलं जनावर, ह्या काळ्या खडकावर, ह्या वाऱ्यात कसं राहिलं असेल. मला फार वाईट वाटलं.

पण ७८ व्या पलटणीच्या बिल्ल्यावरचा हत्ती ह्या हत्तीच्या आधीचा आहे, आणि तो आपला आहे. त्याच्यासोबत अक्षरं असतात, असई. जालना जिल्ह्यातलं असई! २३ सप्टेंबर १८०३, एकीकडे शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसरीकडे आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. ७४ वी आणि ७८ वी हायलँडर्स आणि १९ वे लाइट ड्रॅगून्स हे घोडदळ, ह्या तिघांना ह्या लढाईबद्दल हत्ती आणि असई हे नाव मिळालं. वेलस्लीचे मेलेले आणि जखमी दीड हजारांच्या वर गेले. ७४ वी पलटण तर चुकून गावाच्या अंगाला सरकली, तिथे मराठ्यांच्या तोफांसमोर सापडली, आणि तिचे जवळजवळ सगळे ऑफिसर मेले किंवा जखमी झाले. पुढे वॉटर्लू जिंकल्यावरही वेलिंग्टन म्हातारपणी असईलाच आपली सगळ्यात चांगली लढाई म्हणायचा. त्या दिवशी शिंद्यांचे तोफखान्यातले गोलंदाज तोफेशेजारीच उभे राहून मेले, पळाले नाहीत, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय.

मी असई बघितलंय. केळना आणि जुई नद्यांच्या बेचक्यातलं साधं गाव, कापूस आणि मका, दुपारी पारावर बसलेली माणसं. एडिनबराच्या किल्ल्यात त्या गावाचं नाव चांदीत कोरलेलं बघताना अंगावर काटा आला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग खिशातून स्वतःचा हत्तीचा बिल्ला काढून काचेजवळ धरून दोन्ही ताडून बघितले. सोंडेचा बाक जुळला.

निघताना वरच्या तटावरून खाली वाकून बघा, एका लहानशा गच्चीवर पलटणींच्या कुत्र्यांची दफनभूमी आहे, व्हिक्टोरियाच्या काळापासूनची. आत जाता येत नाही, वरूनच दिसते. फुलांची रोपं आणि गुडघ्याइतके दगड. जेस नावाची बँडची कुत्री, १८८१. डॉब्लर, जो आर्गाइल अँड सदरलँड पलटणीमागे चीन, सिलोन, दक्षिण आफ्रिका फिरला आणि १८९३ मध्ये गेला. दुपारी एकची तोफ त्याच बाजूला उडते, कान झाका. रविवारी उडत नाही.

राहिलेलं

सॅलिसबरीला कॅथीड्रलच्या आवारातलं म्युझियम राहिलं, तिथे बॉबी नावाचा कुत्रा आहे, २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत ६६ व्या पलटणीच्या शेवटच्या माणसांबरोबर होता, जखमी होऊन जगला, व्हिक्टोरिया राणीने स्वतः त्याला पदक दिलं. त्या लढाईत मुंबई इलाख्याच्या देशी पलटणीही होत्या, म्हणून तिथे जायचंच आहे. वॉरिकला फ्युझिलियर्सचं काळवीट राहिलं, बिल्ल्यावरचं हरीण फार जुनं, पण जिवंत काळवीट पाळायला त्या पलटणीने १८७१ च्या सुमारास भारतात असताना सुरुवात केली, त्याचं नावही बॉबीच. आणि हॅलिफॅक्सला ७६ व्या पलटणीचा अंबारीवाला हत्ती, १८०३ मध्ये अलिगड, दिल्ली, लासवारीला शिंद्यांविरुद्ध लढल्याबद्दल मिळालेला. ताई म्हणाली हॅलिफॅक्स लेस्टरहून गाडीने एका दिवसात होतं, पुढच्या वेळी काढूया. भाच्याने वहीत तिन्ही गावं लिहून ठेवलीत, आणि सप्टेंबरात बाबा जालन्याच्या मित्राकडे जाणार आहेत, २३ तारखेला असईला.